रुईया की कलिना?

डोंबिवलीची भाची अडलीय: माटुंग्याच्या रुईयात बीएस्सी, की कलिन्याच्या मूलभूत विज्ञान केंद्रात पाच वर्षांचा सलग एमएस्सी?

रुईयाला बारावीचे गुण चालतात. कलिन्यासाठी नेस्ट ही प्रवेश परीक्षा, भुवनेश्वरच्या नायसर या विज्ञान संस्थेशी सामाईक, म्हणजे चुरस देशभरची. पैशांत मात्र कलिना सरळ पुढे: पात्र मुलांना वर्षाला ६०,००० रुपये शिष्यवृत्ती.

प्रवासाचं म्हणाल तर माटुंग्याला स्लो लोकलमधून उतरलं की चालत कॉलेज. कलिन्याला कुर्ल्याहून बस नाहीतर रिक्षा, आणि पावसात ती रांग! रोज दोनदा.

संशोधनच करायचं पक्कं असेल तर नेस्टचा फॉर्म भरावा. तीन वर्षांनी बँक, एमबीए, स्पर्धा परीक्षा असं काही मनात डोकावत असेल तर रुईया. भाची प्रयोगवहीच्या मागच्या पानावर एकांकिकेचे संवाद लिहिते. तिला मी रुईयाच सांगितलं.