गृहकर्जाचं प्राथमिक मंजुरीपत्र: आकडा मोठा, तपासणी अर्धी

घर बघायला निघण्याआधी बँकेचं ‘इन-प्रिन्सिपल सँक्शन’, म्हणजे प्राथमिक मंजुरीपत्र, हातात ठेवा, असं एजंटपासून बिल्डरच्या सेल्स ऑफिसपर्यंत सगळेच सांगतात. बहुतेक मोठ्या बँका आणि हाउसिंग फायनान्स कंपन्या ते ऑनलाइन देतात. पॅन, पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, फॉर्म १६ अपलोड करा, सिबिल तपासायला संमती द्या, की पत्र येतं. सोय चांगली आहे आणि विक्रेताही तुम्हाला गांभीर्याने घेतो. घोळ होतो तो पत्रातल्या आकड्याचा अर्थ लावताना.

तो आकडा येतो एफओआयआरमधून. हातात येणाऱ्या पगाराचा किती हिस्सा हप्त्यांत गेलेला चालेल, याचं हे प्रमाण. हातात महिना १ लाख येतात आणि बँक ५० टक्के धरते, असं समजा. हप्त्यांसाठी ५०,००० मोकळे. साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी लाखाला साधारण ८६८ रुपये हप्ता बसतो, म्हणजे ५७.६ लाखांचं कर्ज. आता गाडीच्या कर्जाचा ८,००० चा हप्ता वजा करा. क्रेडिट कार्डावर ६०,००० थकीत असतील तर बऱ्याच बँका त्याच्या ५ टक्के, म्हणजे ३,००० रुपये, दरमहा देणं धरतात. उरले ३९,०००, आणि कर्ज उतरलं ४४.९ लाखांवर. ११,००० च्या देण्यांनी पावणेतेरा लाख कापले. म्हणून अर्ज करण्याआधी कार्डाची थकबाकी फेडून टाकावी. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना किमान दर पंधरवड्याला क्रेडिट माहिती पाठवावी लागते, त्यामुळे फेड पूर्वीपेक्षा लवकर रिपोर्टवर दिसते.

हे ५० टक्के सरकारी नाहीत, हे फार जणांना माहीत नसतं. गृहकर्जासाठी रिझर्व्ह बँकेने हप्ता आणि उत्पन्नाच्या प्रमाणाची कमाल मर्यादा ठरवलेली नाही. ती बँकेच्या धोरणावर सोडली आहे. गंमत अशी, की वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या मायक्रोफायनान्स कर्जांना एप्रिल २०२२ पासून ५० टक्क्यांची मर्यादा स्पष्ट घातलेली आहे. अमेरिकेत २००८ च्या संकटानंतर जानेवारी २०१४ पासून कर्ज फेडता येईल का, हे ठरावीक ८ मुद्द्यांवर तपासणं सावकाराला बंधनकारक झालं. आपल्याकडे नियम आहे, पण तो तत्त्व सांगून थांबतो: पुढे व्याजदर वाढला तर हप्ता किंवा मुदत वाढवायला पुरेसा वाव राहील, हे कर्ज मंजूर करतानाच बघा. ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात याची पुन्हा आठवण करून दिलेली आहे. ‘पुरेसा’ म्हणजे किती, ते बँक ठरवते आणि पत्रात लिहीत नाही. या सेवेतली सगळ्यात मोठी उणीव हीच.

वाव का लागतो, ते एका आकड्यात कळतं. ५० लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के: हप्ता ४३,३९१. दर साडेनऊ झाला आणि हप्ता तोच ठेवला तर २४० महिन्यांचे जवळपास ३०९ होतात. दर साडेदहा झाला तर पहिल्याच महिन्याचं व्याज ४३,७५० होतं. हप्ता व्याजालाही पुरत नाही, मुद्दल वाढत जाईल. असं होऊ देऊ नका, असं त्याच परिपत्रकात बजावलं आहे, त्यामुळे तिथे हप्ता वाढवावाच लागतो: २० वर्षांच्या हिशेबाने ४९,९१९. दोन टक्के वाढ म्हणजे कागदावरची भीती नव्हे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो दर, ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. म्हणून पत्रातला आकडा ज्या दराने काढला असेल त्यात दोन टक्के मिळवून पुन्हा मोजा. वरच्या ३९,००० च्या उदाहरणात कर्ज ३९ लाखांच्या आसपास येतं. आमच्या मते घर शोधताना हाच आकडा डोक्यात ठेवावा.

पत्र ज्याबद्दल गप्प असतं ती दुसरी बाजू म्हणजे एलटीव्ही, घराच्या किमतीच्या किती टक्के कर्ज मिळू शकतं ते प्रमाण. इथे मात्र रिझर्व्ह बँकेचे आकडे पक्के आहेत: ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांना ८० टक्के, त्यापुढे ७५ टक्के. टप्पा कर्जाच्या रकमेवर ठरतो, त्यामुळे ३६ लाखांच्या घराला ९० टक्के मिळत नाहीत. कर्ज ३० लाखांवरच अडकतं. किमतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी धरता येत नाही (१० लाखांपर्यंतच्या घराचा अपवाद). ६० लाखांच्या घराला जास्तीत जास्त ४८ लाख. पण वरच्या उदाहरणातली ऐपत ४४.९ लाखांची, म्हणून छोटा आकडा लागू. १५.१ लाख स्वतःचे, वर मुंबईत ६ टक्क्यांनी ३.६ लाख मुद्रांक शुल्क आणि ३०,००० नोंदणी. एकूण १९ लाख रोख हवेत. बँकेच्या व्हॅल्युअरने किंमत कमी लावली तर आणखी. टोकन देऊन बसलेले लोक इथेच अडकतात.

व्यावसायिकांसाठी ही ऑनलाइन सेवा जवळजवळ कुचकामी. रिटर्नमधल्या नफ्यात घसारा (यंत्रं-मालमत्तेच्या झिजेचा हिशेबी खर्च) परत मिसळायचा की नाही, भाड्याचं किती उत्पन्न धरायचं, हे क्रेडिट ऑफिसर ठरवतो. सरळ शाखेत जा.

पत्र निघतं तेव्हा मालमत्ता तपासलेलीच नसते. टायटल सर्च (मालकी हक्काची तपासणी), भोगवटा प्रमाणपत्र, मंजूर नकाशापेक्षा जास्तीचं बांधकाम, हे सगळं नंतर येतं आणि तिथे अर्ज फेटाळला तर प्रोसेसिंग फी सहसा परत मिळत नाही. म्हणून विक्रेत्याशी करार करताना ‘कर्ज नामंजूर झाल्यास टोकन परत’ हे लिहून घ्या.

बँकेला ईमेलवर तीन गोष्टी विचारा: कोणतं उत्पन्न धरलं (बोनस, ओव्हरटाइम धरले का), एफओआयआर किती लावला, दरवाढीसाठी किती वाव ठेवला. पाच-सहा बँकांत एकदम अर्ज टाकू नका. प्रत्येक चौकशी रिपोर्टवर उमटते. अंतिम मंजुरीच्या वेळी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटी आणि खर्चांचं पत्रक, मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून ते द्यावंच लागतं, त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर असतो, विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात आणि त्यात न लिहिलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही.

पगारदारांसाठी पाचपैकी साडेतीन गुण, व्यावसायिकांसाठी दीड.