व्हाईट हाऊस पाच-सहा तासात बदलतं, आमचा टू बीएचके दोन दिवसात नाही (5 पैकी 2 स्टार)

गोव्यात पर्वरीहून फोंड्याला घर शिफ्ट केलं, पॅकर्स-मूव्हर्स लावले होते. नाव लिहीत नाही कारण आमचा वाटणाचा दगडी रगडा अजून त्यांच्या गोडाऊनमध्ये आहे आणि तो मला परत पाहिजे.

सकाळी 8 ची वेळ दिलेली, टेंपो आला 11 ला. म्हणे फ्लायओव्हरच्या कामामुळे ट्रॅफिक. अरे ते काम काय आजच सुरू झालं? पोरं दोनच, खोके अर्ध्यावर संपले, मग आमच्याच चादरीत भांडी बांधली. 12 वाजता नवीन भाडेकरू सामान घेऊन दारात आणि आमचं कपाट जिन्यात अडकलेलं. त्यांची आजी बिचारी आमच्या सोफ्यावर बसली, गॅस अजून काढला नव्हता म्हणून सगळ्यांना चहा केला.

बायको म्हणाली, अमेरिकेत पण असंच ना? राष्ट्राध्यक्षाचा शपथविधी मीच तिला 2025 च्या जानेवारीत रात्री जागवून दाखवलेला. तिथे 20 जानेवारीला दुपारी बरोबर 12 वाजता (आपले रात्रीचे साडेदहा) जुन्या राष्ट्राध्यक्षाची मुदत संपते, 1933 च्या घटनादुरुस्तीपासून तसंच आहे. सकाळी जुना राष्ट्राध्यक्ष नव्याला चहाला बोलावतो, मग दोघं शपथविधीला निघाले रे निघाले की एकाचं सामान बाहेर आणि दुसऱ्याचं आत, बाहेरचे हमाल घरात घेत नाहीत, तिथलाच स्टाफ सगळं उचलतो आणि संध्याकाळी नव्याचे कपडे कपाटात लावलेले असतात. 2021 ला ट्रम्प चहाला थांबलेच नाहीत, सकाळीच निघून गेले, तरी 12 ला खुर्ची बदललीच. कारण तयारी नोव्हेंबरच्या निवडणुकीपासूनच चालू असते, नव्या टीमला ऑफिस आणि पैसे मिळावेत म्हणून 1963 चा कायदाच आहे. आमचा कॉन्ट्रॅक्टर मात्र फोनवर, "पात्रांव (म्हणजे शेठ), ड्रायव्हर जेवायला गेलाय."

दोन स्टार कशाला? फ्रिजला ओरखडा नाही, आणि चवथीच्या माटोळीची (गणपतीवर फळं-भाज्या टांगायची) चौकट एका पोराने बाणस्तारीचा पूल येईपर्यंत मांडीवर धरून आणली, त्याला वेगळे पैसे दिले मी. बाकी सामान दुसऱ्या दिवशी आलं, तेही रगडा सोडून.

तिकडे जुना राष्ट्राध्यक्ष टेबलात नव्यासाठी पत्र ठेवून जातो, रेगनपासूनची पद्धत. मी पण ठेवलेलं, पाणी किती वाजता येतं, मोटरचा स्विच कुठला, वगैरे. ह्या लोकांनी भाटकाराचं (घरमालकाचं) टेबलच पत्रासकट टेंपोत चढवून फोंड्याला आणलं. आता परत न्यायचं भाडं वेगळं मागतायत.