टॅलेंट टेस्टला २ स्टार, गुडघ्याच्या रिहॅबला साडेचार

पुण्यातलंच सेंटर आहे, नाव मुद्दाम टाकत नाही कारण अर्धी तक्रार आहे नि अर्धं कौतुक, उगाच कुणाशी भांडत बसायचं नाहीये. लेक बास्केटबॉल खेळते, आता १६ची आहे. दोन वर्षांपूर्वी तिथे तिची 'टॅलेंट असेसमेंट' केली होती आणि गेल्या वर्षी एसीएल (गुडघ्याच्या आतला हाडं धरून ठेवणारा लिगामेंट) फाटल्यावर रिहॅबसाठी, म्हणजे व्यायामाने पाय परत उभा करायला, तोच जिना परत चढायची वेळ आली, म्हणून दोन्हीचं एकदमच लिहितो.

आधी असेसमेंट. ६ हजार रुपये. उंची, विंगस्पॅन (हात पसरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत), व्हर्टिकल जंप (जागेवरून उंच उडी), एका पायावर लांब उडी, २० मीटर स्प्रिंट, वर आमच्या दोघांची उंची विचारून पोरगी अजून किती वाढेल त्याचा अंदाज. आठवड्याने रंगीत ग्राफवाला रिपोर्ट आला आणि शेवटच्या पानावर पोटेन्शियल १०० पैकी ६२. घरात दोन दिवस सुतक. टीममधल्या एकीला ८८ मिळाले होते, पण ती तेव्हा वयात आलेली होती, बाकीच्या यायच्या होत्या, त्यामुळे ती सगळ्यांपेक्षा वीतभर उंच आणि जोरात पळायची, अंडर-१४ला हे दरवर्षी दिसतं. दीड वर्षात बाकीच्यांनी तिला गाठलं. रिपोर्टमध्ये ह्याबद्दल एक ओळ नाही. पास कधी सोडते, डिफेन्सला मैत्रीण चुकली की मदतीला धावते का, हे तर कुणी बघितलंच नाही, एकही मॅच न बघता पोटेन्शियल काढून मोकळे!

बरं हे एनबीएवाल्यांनाही (अमेरिकेतली मोठी बास्केटबॉल लीग) जमत नाही, जिथे एकेका पोरावर करोडो डॉलर लागलेले असतात. २००७ला ड्राफ्टच्या (टीम आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) आधीच्या टेस्टमध्ये पुढे सुपरस्टार झालेल्या ड्युरंटला १८५ पाउंड, म्हणजे साधारण ८४ किलो, बेंच प्रेसवर एकदाही उचलता आले नव्हते. २०१४चा ड्राफ्ट बघा, विगिन्स पहिला, जबारी पार्कर दुसरा, एम्बीड तिसरा आणि योकिच ४१वा. एम्बीड पायाच्या फ्रॅक्चरपायी पहिले दोन सीझन एक मॅच खेळला नाही, लोकांनी त्याला मोडीत काढला होता. आणि २०२१ ते २०२४ चारही वर्षं एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू, कोण, तर तीनदा योकिच आणि एकदा एम्बीड. तिथे ही गत, तर आमचे ६२ कुठून बरोबर येणार.

आता रिहॅब. कुणाचा धक्का नाही काही नाही, रिबाउंड (बास्केट चुकून परत आलेला बॉल) घेऊन एका पायावर उतरली, गुडघा आत वळला आणि खाली बसली. मुलींमध्ये हे मुलांपेक्षा बरंच जास्त होतं म्हणे, मला पत्ताच नव्हता. ऑपरेशन दुसरीकडे झालं, मांडीच्या मागच्या स्नायूचा टेंडन (हाडाला जोडणारी दोरी) काढून ग्राफ्ट, म्हणजे फाटलेल्या एसीएलच्या जागी तो बसवला. इथल्या फिजिओ मॅडम कडक आहेत. पहिले काही आठवडे नुसतं गुडघा पूर्ण सरळ करा आणि मांडी आवळा, बाकी काही नाही, मला वाटलं ह्याचे सेशनला ९०० घेतात?

चौथ्या महिन्यात दुखणं गेलं, सूज गेली, शाळेच्या सरांचा फोन, आंतरशालेय आहे, दहा मिनिटं उतरवू. मॅडम सरळ नाही म्हणाल्या. ग्राफ्ट आत जिवंत व्हायला वेळ लागतो, सुरुवातीला तर तो बसवला त्यापेक्षा कमजोर होतो, त्यामुळे दुखत नाही म्हणजे बरा झाला असं धरायचं नाही. नॉर्वेतल्या खेळाडूंवर झालेल्या एका अभ्यासाचं पण सांगितलं, ९ महिन्यांपर्यंत प्रत्येक महिना थांबलं की गुडघा परत जायचा धोका जवळपास निम्मा होत जातो. लेक आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, जसं काय मीच नाही म्हटलं.

सहाव्या महिन्यात उडीच्या टेस्टमध्ये ऑपरेशनवाला पाय दुसऱ्या पायाच्या ९३ टक्के. ९०च्या वर म्हणजे पास असं मी कुठेतरी वाचलं होतं, पेढे आणायच्या बेतात होतो. मॅडमनी तो जुना रिपोर्ट मागवला, तोच ६२वाला, आणि दाखवलं की चांगला पायच १४व्या वर्षीपेक्षा कमी उडतोय, बसून बसून तोही ढिला पडलाय, मग त्याच्याशी तुलना करून काय उपयोग. सहा हजार वसूल झाले ते असे.

परत पहिल्यासारखी खेळेल का विचारलं तर मॅडमनी आकडा दिला नाही, बरं वाटलं. मी घरी येऊन लाव्हीन आणि पार्करचं वाचत बसलो. दोघं २०१४च्याच ड्राफ्टचे, फेब्रुवारी २०१७मध्ये एकाच आठवड्यात दोघांचं डाव्या गुडघ्याचं एसीएल गेलं. पार्करचं त्याच गुडघ्याचं दुसऱ्यांदा, त्याच्याकडून अपेक्षा होती तसं पुढे काही झालं नाही. लाव्हीन ११ महिन्यांनी परतला आणि नंतर दोनदा ऑलस्टार, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंच्या मॅचला निवडला गेला. लेकीला फक्त लाव्हीनचं सांगितलं.

अर्धा स्टार कापला तो संध्याकाळच्या गर्दीसाठी, ६ ते ८ एका फिजिओकडे तीन-तीन पेशंट, सकाळची वेळ मागून घ्या. आणि सेंटर दुसऱ्या मजल्यावर आहे, गुडघ्याचं सेंटर बरं का, लिफ्ट आठवड्यातून दोनदा बंद. निघायच्या आधी फोन करून विचारा.