सूर एकच की दोन? बहिणींच्या दोन आयरिश अल्बमांत निवड करताना

आयरिश लोकसंगीत म्हटलं की फिडल आणि नाचाचा ठेका आठवतो. गाण्याची बाजू ऐकायची असेल तर दोन अल्बम समोर ठेवतो. दोन्ही सख्ख्या बहिणींचे, तरी एकमेकांपासून फार लांबचे.

पहिला सारा आणि रीटा कीन यांचा ‘वन्स आय लव्हड’. गॉलवे परगण्यातल्या काहर्लिस्ट्रेनच्या या बहिणींचा अल्बम साठच्या दशकाच्या अखेरीस क्लाडा रेकॉर्ड्सने काढला. साथीला काही नाही. दोघी एकाच सुरात गातात, आणि यातच सगळी गंमत आहे. ‘शॉन-नोस’, म्हणजे जुन्या रीतीचं गाणं, मुळात एकट्याने गायचं. त्याला बांधलेली लय नसते. गाणारा शब्दाच्या कलाने ओळ लांबवतो, मध्येच थबकतो. असं गाणं दोघींनी मिळून गायचं तर कोण कुठे थांबणार हे आधीच उमगायला हवं. या दोघींना ते उमगतं, छोट्या हरकतींसकट. जात्यावर समोरासमोर बसून ओव्या म्हणणाऱ्या बायका ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना हे परकं वाटणार नाही. पुढे ‘डी डॅनन’ या लोकसंगीताच्या गटातून गाजलेली डोलोरेस कीन ही यांची भाची, याच घरात वाढलेली. तिचं पहिलं रेडिओ ध्वनिमुद्रण 1958 चं, ती पाच वर्षांची असतानाचं!

दुसरा ‘इदिर अन दा होलस’, 1999 चा. मरेड आणि ट्रीओना नी गॉनल या बहिणी, सोबत वादक डोनल लनी. नावाचा शब्दशः अर्थ ‘दोन उजेडांच्या मध्ये’. आपल्याकडे तिन्हीसांजा म्हणतात तीच वेळ. वडील लोकगीतांचे संग्राहक, आणि आयर्लंडच्या वायव्येकडच्या डोनेगल परगण्यातली आत्या नेली म्हणजे शेकडो गाण्यांचं भांडार. पण बहिणींनी ही शिदोरी जशीच्या तशी वाढली नाही. भाऊ मीहॉल आणि मित्र डाही स्प्रूल यांच्यासोबत ‘स्कारा ब्रे’ या गटात 1971 मध्येच त्यांनी आयरिश भाषेतल्या गाण्यांना हार्मनी, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळ्या सुरांची गुंफण, दिली होती. इथेही आवाज मधूनच वेगळे होतात, पुन्हा जवळ येतात, आणि साथीला वाद्यं आहेत. डोनेगलची गायकी तशीही गॉलवेकडच्या पश्चिम आयर्लंडपेक्षा सरळ, कमी नक्षीची.

मग घ्यावा कोणता? आयरिश भाषेचा नाद कानात भरायचा असेल तर दुसरा. त्यातली बहुतेक गाणी त्याच भाषेत आहेत. स्वयंपाक करताना, प्रवासात लावायलाही तोच बरा. कीन बहिणी मात्र पार्श्वसंगीत म्हणून चालत नाहीत. दुसरं काम करत ऐकलं तर सगळी गाणी सारखीच वाटतील, आणि दोष त्यांच्या माथी जाईल.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची. हार्मनी आपल्या कानाच्या सवयीची नाही. एकच सूर धरून त्यावरचं नक्षीकाम ऐकायची सवय आहे. म्हणून जो अल्बम ‘अवघड’ समजला जातो, तो मराठी कानाला कदाचित आधी भिडेल. माझं तसंच झालं. तरी भेट द्यायची असेल तर मी मरेड-ट्रीओनाच देईन. कीन बहिणी ज्याच्या त्याने रात्री दिवा मालवून ऐकाव्यात, आणि एका बैठकीत तीनच गाणी.