व्हिक मॅकीच्या बाजूने की विरोधात?

'द शील्ड' (2002–2008) ही अमेरिकन पोलीस मालिका पाहणाऱ्यांचे सरळ दोन तट पडतात. एक म्हणतो, व्हिक मॅकी पैसे खातो, पण गुंडांना वठणीवर आणतो. रस्त्यावर असाच पोलीस हवा. दुसऱ्यांसाठी पहिल्याच भागात विषय संपतो: व्हिक आपल्याच पथकातल्या टेरी क्राउलीच्या तोंडावर गोळी झाडतो. पुढची त्याची कुठलीही मर्दुमकी त्यांना पचत नाही.

मी दुसऱ्या तटातली. पहिल्यांचा मोह मात्र कळतो. व्हिक साकारणाऱ्या मायकल चिकलिसने (2002 चा एमी हा टीव्ही पुरस्कार उगाच नाही मिळाला) मुलांसाठी कासावीस होणारा बाप असा उभा केलाय की राग विरघळायला लागतो. पण टेरीचं काय? व्हिकवर डोळा ठेवून असलेली डिटेक्टिव्ह क्लॉडेट त्याच्या चाहत्यांना खटकते. मला तीच मालिकेचा कणा वाटते.