बीजिंग की तैपेई? चिनी राजखजिना बघायला जाण्याआधी

चीनची जुनी कला डोळे भरून बघायची आहे, पण रजा आणि पैसे एकाच प्रवासापुरते आहेत. मग बीजिंगला जावं की तैपेईला? हा प्रश्न विचारणाऱ्या बहुतेकांनी मनातून बीजिंग पक्कं केलेलं असतं. निषिद्ध नगरी, म्हणजे चिनी सम्राटांचा राजवाडा तिथे, सम्राटांचं सिंहासन तिथे, म्हणजे खजिनाही तिथेच असणार. हा हिशेब निम्माच बरोबर आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते: वस्तू बघायच्या असतील तर तैपेई, वास्तू बघायची असेल तर बीजिंग. बीजिंगचं राजवाडा संग्रहालय आणि तैवानची राजधानी तैपेई इथलं राष्ट्रीय राजवाडा संग्रहालय, माझा दोन्हींवर जीव आहे. पण सोंग घराण्याच्या काळातली (दहावं ते तेरावं शतक) भांडी आणि चित्रं बघायच्या आशेने गेलेली माणसं बीजिंगहून नुसती गर्दीची आणि लाल भिंतींची आठवण घेऊन परततात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

खजिन्याची वाटणी कशी झाली

दोन्ही संग्रहालयांचं मूळ एकच. शेवटचा सम्राट पू-यी याला १९२४ मध्ये राजवाड्यातून बाहेर काढलं आणि १० ऑक्टोबर १९२५ रोजी राजवाड्याचंच संग्रहालय झालं. १९३१ मध्ये जपानने मांचुरिया घेतला. बीजिंगवर कधीही चाल होईल अशी वेळ आली, तेव्हा १९३३ च्या सुरुवातीला निवडक वस्तू पेट्यांत भरून दक्षिणेकडे हलवायला लागले. राजवाडा संग्रहालयाच्या १३ हजारांहून जास्त पेट्या आधी शांघायला आणि तिथून नानचिंगला गेल्या. १९३७ मध्ये युद्ध पेटल्यावर त्या तीन वेगवेगळ्या वाटांनी पश्चिमेच्या मुलखात नेऊन लपवल्या. युद्ध संपलं, पेट्या परत आल्या, तर यादवी पेटलेली. अखेर १९४८ चा डिसेंबर ते १९४९ चा फेब्रुवारी या काळात, यादवीत हरत चाललेल्या राष्ट्रवादी सरकारने तीन जहाजांनी त्यातल्या २,९७२ पेट्या तैवानला नेल्या. तिथेही त्या आधी एका साखर कारखान्याच्या गोदामात राहिल्या. तैपेईच्या उत्तरेला, डोंगराच्या कुशीतली आजची इमारत १९६५ मध्ये उघडली.

पेट्यांच्या हिशेबात हा पाव भागसुद्धा नाही. पण जहाजांवर जागा मोजकी होती, त्यामुळे निवडताना उत्तमातलं उत्तम आधी उचललं गेलं. आज बीजिंगच्या संग्रहात १८ लाखांच्या वर वस्तू आहेत, तैपेईत ७ लाखांच्या आसपास, आणि त्यातलीही बहुतेक जुनी पुस्तकं आणि दरबारी कागदपत्रं आहेत. तरीही सोंग काळातली चित्रं आणि चिनीमातीची भांडी, त्याआधीच्या काळातलं कांस्यकाम, यांसाठी जाणकार तैपेईचं नाव घेतात. आकडे बघून ठरवू नका ते यासाठीच.

दोन भांडी

फरक कळण्यासाठी दोन्हीकडची एकेक वस्तू समोरासमोर ठेवून बघू.

तैपेईत रू भट्टीचं एक उथळ, लंबगोल भांडं आहे. नार्सिससची फुलं लावायचं. रू भट्टीने दरबारासाठी भांडी भाजली ती बाराव्या शतकाच्या आगेमागे आणि तीही थोडीच वर्षं. जगात आज शंभरही उरलेली नाहीत, त्यातली २१ तैपेईत. या भांड्यावर नक्षी नाही, चित्र नाही. रू भांड्यांच्या झिलईवर सहसा बारीक तडांचं जाळं असतं, इथे तेही नाही. पाऊस नुकताच थांबल्यावर आभाळाला जो निळसर-हिरवा रंग येतो, तो आणि फक्त तो. काठाजवळ झिलई पातळ झाली आहे आणि तिथे खालची माती किंचित गुलाबी दिसते. भट्टीत भांडं बारीक टोकांवर उभं करत, त्यामुळे बुडाला तिळाएवढ्या सहा खुणा राहिल्या आहेत. सातशे वर्षांनी चियानलाँग सम्राटाला ते इतकं आवडलं, की त्याने त्याच बुडावर आपली कविता कोरून घेतली.

आता बीजिंग. त्याच चियानलाँगच्या काळात, अठराव्या शतकात, घडवलेली एक फुलदाणी तिथे आहे, ८६ सेंटिमीटर उंच. तिच्यावर वरपासून खालपर्यंत पट्टेच पट्टे, आणि प्रत्येक पट्ट्यावर वेगळी झिलई किंवा वेगळं रंगकाम. अशा पंधराहून जास्त पद्धती एकाच अंगावर. त्यांतल्या काहींना जास्त आच लागते, काहींना कमी, म्हणून ती परत परत भट्टीत घालावी लागली. एका खेपेला जरी तडकली असती, तरी आधीची सगळी मेहनत वाया. कारागिरी म्हणून मी तिच्यापुढे हात जोडते. पण माझं मन त्या साध्या भांड्यापाशीच जास्त रेंगाळतं.

तुमचं मन कुठे रेंगाळेल, याचा विचार आधी करा. भपका, सोनं, रत्नं, दरबारी थाट बघायचा असेल तर बीजिंगचा खजिना विभाग तुम्हाला तृप्त करेल. शांत, नितळ काहीतरी हवं असेल तर तैपेई.

पेटीत न मावलेलं

बीजिंगची खरी ताकद हलवता न आलेल्या गोष्टींत आहे. खजिना विभागातल्या एका महालात जेड या कठीण, मौल्यवान दगडाचा अख्खा पर्वत उभा आहे. महापूर आवरणाऱ्या यू राजाची गोष्ट त्यावर कोरली आहे. सव्वादोन मीटर उंच, वजन सुमारे पाच टन. ही शिळा आजच्या शिनजियांगमधून ओढत बीजिंगला आणली, तिथून जलमार्गाने यांगचौच्या कारागिरांकडे पाठवली आणि कोरून झाल्यावर परत आणली. काम १७८७ मध्ये पुरं झालं. जवळ गेलात की कड्यांवर, झाडांच्या आडोशाला, पहारी आणि हातोडे घेतलेली शेकडो चिमुकली माणसं डोंगर फोडताना दिसतात. घाई करू नका. एका बाजूने बघून पुढे जाणारेच जास्त, आणि मागच्या बाजूला जवळजवळ कुणी थांबत नाही.

त्याच बाजूला दहा दगडी ढोल आहेत. त्यांवरची अक्षरं चीनमधल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत मोजतात. विशेष म्हणजे हे जडशीळ दगड युद्धात खरोखरच पेट्यांत भरून पश्चिमेला नेले होते, आणि नंतर बीजिंगला परतले.

याला तैपेईचं उत्तर म्हणजे माओ-कुंगचा तिपाई हंडा. सुमारे २,८०० वर्षांपूर्वीचा, कांस्याचा, अर्ध्या मीटरहून थोडा जास्त उंच. बाहेरून अगदी साधा, पण आतल्या बाजूला जवळजवळ ५०० अक्षरं आहेत. चिनी कांस्यभांड्यांवरच्या ज्ञात लेखांत हा सर्वांत लांब. राजाने आपल्या काकाकडे, म्हणजे या माओ-कुंगकडे, कारभार सोपवताना दिलेली आज्ञा आणि दान त्यात नोंदलेलं आहे. आपल्याकडे ताम्रपटावर दान कोरत, तिथे हंड्याच्या पोटात. अक्षरं आत असल्यामुळे काचेवर वाकून बघावं लागतं. मान दुखली तरी बघा.

तैपेईत सर्वांत जास्त गर्दी असते ती जेडच्या कोबीपुढे. उंची जेमतेम १९ सेंटिमीटर. दगड अर्धा पांढरा, अर्धा हिरवा, त्यात चिरा आणि डाग. कारागिराने पांढऱ्यातून देठ काढले, हिरव्यातून पानं, आणि दोष पानांच्या शिरांमध्ये मुरवून टाकले. वर एक टोळ आणि एक नाकतोडा. काम सुरेखच आहे, पण ते एकोणिसाव्या शतकातलं. एवढ्यासाठीच लांब रांगेत सकाळ घालवणं मला पटत नाही. संग्रहालय उघडताच थेट तिसऱ्या मजल्यावर जा, कोबी आणि हंडा उरकून घ्या आणि मग सावकाश खाली या. तोवर पर्यटकांचे गट वर चढत असतात.

चित्रांसाठी जात असाल तर

इथे दोन्हीकडे नशिबाचा भाग मोठा. रेशमावरची आणि कागदावरची हजार वर्षं जुनी चित्रं उजेडाने खराब होतात, म्हणून ती थोडे आठवडे मांडतात आणि पुढे वर्षानुवर्षं अंधारात विसावू देतात. सोंग काळातला चित्रकार फान ख्वान याचं ‘डोंगर-ओढ्यांतले वाटसरू’ तैपेईकडे आहे. दोन मीटर उंच, आणि त्यातला बराचसा भाग एकाच कड्याने व्यापलेला. खालच्या कोपऱ्यात खेचरांचा तांडा, तोही बोटाच्या पेराएवढा. त्या तांड्यामागच्या पानांत चित्रकाराने आपलं नाव इतकं दडवलं होतं, की ते १९५८ मध्ये पहिल्यांदा कुणाच्या तरी नजरेला पडलं.

बीजिंगकडे चांग त्सेत्वानचं ‘छिंगमिंगच्या वेळचा नदीकाठ’ आहे (छिंगमिंग म्हणजे वसंतातला पूर्वजांच्या स्मरणाचा सण). पाच मीटरहून लांब गुंडाळी, बाराव्या शतकातलं गजबजलेलं शहर. पू-यीने राजवाड्यातून गुपचूप बाहेर काढलेल्या चित्रांत ते होतं, म्हणून ते त्या पेट्यांत कधी गेलंच नाही. पुढे ते ईशान्य चीनमध्ये सापडलं. २०१५ मध्ये बीजिंगने ते मांडलं, तेव्हा लोक दार उघडताच धावत सुटले आणि तासन् तास रांगेत उभे राहिले. याच विषयावरची १७३६ ची दरबारी आवृत्ती तैपेईकडे आहे. ती दुप्पट लांब, रंग ताजे आणि जास्त नटवी.

एखाद्या ठरावीक चित्रासाठी जाणार असाल, तर संग्रहालयाच्या संकेतस्थळावर ते केव्हा मांडणार हे बघा आणि मगच विमानाची तिकिटं काढा. उलटं करू नका.

वाटणीची सल बघायची असेल, तर चियानलाँगचा छोटा वाचनकक्ष आठवावा. सुंदर हस्ताक्षरातली तीन दुर्मिळ पत्रं त्याने त्या कोनाडेवजा खोलीत जपली होती. खोली बीजिंगमध्ये आहे, तिन्हींतली दोन पत्रंही बीजिंगमध्ये आहेत, कारण ती १९५१ मध्ये हाँगकाँगहून विकत घेऊन परत आणली. तिसरं, चौथ्या शतकातला प्रसिद्ध सुलेखनकार वांग शीची याच्या नावाचं, बर्फ पडून उघडल्यावर लिहिलेलं चार ओळींचं पत्र तैपेईत आहे. हा कक्ष ज्या महालात आहे, तो डागडुजीसाठी बराच काळ बंद होता, तेव्हा आधी विचारून घ्या.

पाय, पोट आणि कागदपत्रं

आईवडिलांना घेऊन जाणार असाल तर निर्णय जवळजवळ इथेच होतो. तैपेईचं संग्रहालय म्हणजे एक वातानुकूलित इमारत. लिफ्ट आहेत, बसायला जागा आहे, आणि शिलिन मेट्रो स्थानकावरून बस दारापर्यंत जाते. बीजिंगचा राजवाडा दक्षिणोत्तर जवळजवळ एक किलोमीटर. शिरायचं दक्षिणेच्या दाराने, आणि अंगणं फरसबंदीची. उन्हाळ्यात सावली नाही, जानेवारीत हाडं गोठवणारी थंडी. गुडघे दुखणाऱ्या माणसाने तिथे एका दिवसात सगळं बघायचा हट्ट धरू नये.

बीजिंगचं तिकीट एप्रिल ते ऑक्टोबर ६० युआन, हिवाळ्यात ४०. खजिना विभाग आणि घड्याळांचा विभाग यांचे वेगळे दहा-दहा. तिकीट पासपोर्ट क्रमांकावर, ऑनलाइन, सात दिवस आधी खुलं होतं आणि सुट्ट्यांच्या दिवसांत बघता बघता संपतं. १ मे आणि १ ऑक्टोबरच्या आसपास तर जाऊच नका. तैपेईचं तिकीट परदेशी पाहुण्यांना ३५० तैवानी डॉलर, आणि तिथे इतकी मारामार नसते. सोमवारी दोन्ही बंद.

बीजिंगला गेलातच तर मधल्या अक्षावरच्या गर्दीबरोबर वाहत जाऊ नका. सगळे सिंहासन बघायला तिथेच धक्काबुक्की करतात. आधी पश्चिमेच्या वूयिंग महालात भांडी बघा, मग पूर्वेच्या वनह्वा महालात चित्रं, आणि शेवटी ईशान्येचा खजिना विभाग. शक्य असेल तर दोन वेगळ्या दिवसांची तिकिटं काढा. असं केलं तर वस्तूंसाठीही बीजिंग वाया जात नाही.

भारतीय पासपोर्टवर चीनसाठी व्हिसा लागतो. तैवानसाठीही लागतो, पण अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, शेंगेन देश, जपान यांपैकी कुणाचा व्हिसा किंवा राहण्याचा परवाना असेल, तर ऑनलाइन प्रवेशपत्राची सोय आहे. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसांना हे फार सोयीचं पडतं. नियम बदलतात, निघण्यापूर्वी तपासा. शाकाहारी माणसांसाठी तैपेई खूपच सोपं. बौद्ध शाकाहारी खानावळी जागोजागी आहेत, फक्त बऱ्याच ठिकाणी कांदा-लसूणही नसतो. बीजिंगमध्ये शोधावं लागतं, आणि गूगल चालत नसल्यामुळे शोधणंही अवघड.

निघण्याआधी मुंबईत असाल तर एक दुपार छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात घालवा. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेली चिनी पोर्सलेन, जेड आणि तपकिरीच्या कुप्या तिथे आहेत. झिलई कशी बघायची, जेडमधून उजेड कसा पाझरतो, याची नजर तिथे तयार होते.

आणि तैपेई ठरवलंत तर आणखी एक दिवस हाताशी ठेवा. १९३३ मध्ये निघालेल्या त्या खजिन्यात मुघल कारागिरांनी घडवलेली जेडची भांडीही होती. चियानलाँगला त्यांचं वेड होतं. तो त्यांना हिंदुस्थानी जेड म्हणायचा, त्यांवर कविता कोरायचा, आणि हिंदुस्थान नेमका कुठे आहे यावर १७६८ मध्ये त्याने निबंधही लिहिला. पाकळीसारखी पातळ, उजेडासमोर धरली तर बोटं दिसावीत अशी ती भांडी आहेत. च्याई इथे २०१५ च्या अखेरीस उघडलेल्या संग्रहालयाच्या दक्षिण शाखेत आशियाई कलेवर भर आहे आणि ही भांडी अधूनमधून तिथे मांडतात. तैपेईहून वेगवान रेल्वेने दीड तास, पुढे बस. जेडचा कोबीही कधीकधी तिकडेच पाठवलेला असतो, तेव्हा कोबी सध्या कुठे आहे हे त्याच वेळी विचारून घ्या.