नवी पेठेतील चादर-घोंगडीचे दुकान : हाताने पारखावे की मानेने?

सोलापुरात चादरींच्या दुकानांना तोटा नाही. तरीही नवी पेठेतील या लहानशा दुकानाबद्दल लिहावेसे वाटले ते तेथील घोंगडी दाखवण्याच्या पद्धतीमुळे. गिऱ्हाईक घोंगडी हातात घेऊन चोळू लागले की मालक म्हणतात, "हातानं नका बघू, मानेला लावून बघा." हा सल्ला शरीरशास्त्राला धरून आहे. दख्खनी मेंढीची लोकर भरड असते आणि साधारण ३० मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतूचे टोक कातडीवर टेकले तरी सहजासहजी वाकत नाही. ते त्वचेच्या वरच्या थरात पसरलेल्या वेदनाग्राही मज्जातंतूंना टोचते. तळहाताच्या आणि बोटांच्या जाड कातडीतून हे टोचणे त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही, म्हणून हाताला बरी वाटलेली घोंगडी रात्री गळ्याशी आली की चावते. शिवाय एखाददुसऱ्या तंतूने काही जाणवत नाही, बरेच तंतू एकदम टोचावे लागतात. तेव्हा नुसते टोक न लावता चांगला हातभर भाग मानेवर घेऊन थोडा वेळ थांबावे. चिंचोक्याच्या खळीमुळे नवी घोंगडी अधिकच ताठ लागते, हेही मालक आपणहून सांगतात.

सुती चादरीच्या बाबतीत मात्र बोटांसारखा पारखी नाही. दाबून जाडी कळते, पण विणीचा बारीक पोत कळायला बोट फिरवावेच लागते, कारण फिरत्या बोटाखाली उठणारी सूक्ष्म कंपने टिपणाऱ्या पाचिनी कणिका (कातडीतील स्पर्शग्राही) स्थिर दाबाखाली लगेच गप्प होतात. स्पर्शाच्या दाबाचे विद्युतसंकेतात रूपांतर करणारी पिएझो प्रथिने शास्त्रज्ञ आर्डेम पॅटापुटियन यांच्या प्रयोगशाळेने २०१० मध्ये उजेडात आणली. २०२१ च्या वैद्यकाच्या नोबेलमध्ये त्यांचे वाटेकरी असलेल्या डेव्हिड ज्युलियस यांनी मिरचीची आग ओळखणारा ग्राही शोधला होता; शेंगाचटणीच्या या गावात त्यांचे नाव घ्यायलाच हवे.

तक्रार आहे ती दिव्यांबद्दल. डोळ्यात रंगासाठी तीनच प्रकारच्या शंकुपेशी असतात. आपल्यावर पडलेला प्रकाश किती टिपला, एवढेच प्रत्येक पेशी कळवते, त्याची तरंगलांबी कळवत नाही. तिघींच्या संकेतांची तुलना करून रंग ठरतो. त्यामुळे निरनिराळ्या रंगद्रव्यांत रंगवलेली दोन सुते एलईडीखाली हुबेहूब सारखी आणि उन्हात वेगळी दिसू शकतात. मी घेतलेल्या मरून जॅकार्ड चादरीला दुकानात तंतोतंत जुळणारे अभ्रे घरी खिडकीशी चक्क विटकरी निघाले. दुकानाने ते कुरकुर न करता बदलून दिले, हे खरे. पण माल दाराबाहेर उजेडात नेऊन पाहायला आपणच मागावे लागते, ते त्यांनी स्वतःहून सुचवायला हवे. जोडीचा माल घ्यायचा असेल तर दिवसाउजेडीच जावे. घोंगडी दिवेलागणीनंतर घेतली तरी चालेल. भाव ठरलेले आहेत, घासाघीस होत नाही.